डॅगरबोर्ड (कॅटमरान)

डॅगरबोर्ड ही शिडाच्या नौकेच्या तळातून पाण्यात उभी सरकवता येणारी आणि पुन्हा वर ओढून घेता येणारी फळी होय. म्यानात खंजीर सरकावा तशी ती आपल्या पेटीत वरखाली होते, यावरून तिला हे इंग्रजी नाव पडले. शिडावर बाजूने वारा आला की नौका पुढे जाते, तशीच आडवीही वाहवत जाते. पाण्यात उतरलेली फळी हे वाहवणे रोखते आणि नौकेला वाऱ्याच्या दिशेकडे तिरपे चढता येते. खिळीभोवती फिरणारे सेंटरबोर्ड आणि कायम पाण्यात राहणारी स्थिर कील यांच्याहून डॅगरबोर्ड वेगळे आहे.

कॅटमरान म्हणजे दोन अरुंद, समांतर होड्या एका मंचाने जोडून केलेली नौका. हा शब्द तमिळमधील 'कट्टुमरम' (बांधलेली लाकडे) यावरून आला. अशा नौकेत बहुधा प्रत्येक होडीत एक, याप्रमाणे दोन डॅगरबोर्ड असतात. काही कॅटमरानांना आखूड स्थिर कील असते, तर होबी १६ सारख्या लहान नौकेत दोन्ही होड्यांच्या असममित आकारावरच काम भागवलेले असते.

इतिहास

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बाल्सा लाकडाच्या तराफ्यांवर 'ग्वारा' नावाच्या फळ्या ओंडक्यांमधील फटींतून पाण्यात सोडत. १९४७ मधील 'कॉन-टिकी' तराफ्यावरही अशा फळ्या होत्या. त्यांचा पूर्ण उपयोग मात्र त्या प्रवासानंतर केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाला. ब्रिटिश नौदलातील अधिकारी जॉन शँक यांनी १८व्या शतकाच्या उत्तरार्धात सरकत्या कीलचा पुरस्कार केला. त्यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या 'लेडी नेल्सन' या जहाजाला (१७९८) अशा तीन कील होत्या. नाक्रा १७ या ऑलिंपिक कॅटमरानात २०१६ च्या स्पर्धेत वक्र डॅगरबोर्ड वापरले गेले.

रचना

फळीचा आडवा छेद विमानाच्या पंखासारखा असतो: पुढची कड गोलसर, मागची निमुळती. लहान नौकांत ती लाकडाची, तर मोठ्या नौकांत फेसाच्या गाभ्यावर काचतंतू किंवा कार्बनतंतू चढवून केलेली असते. ती तळापासून डेकपर्यंत जाणाऱ्या जलाभेद्य पेटीत बसते. फळी आणि पेटी यांच्यातील फट फार मोठी असल्यास फळी खडखडते. फार लहान असल्यास ती अडकते. म्हणून पेटीच्या दोन्ही टोकांना गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या लावतात.

दोरांची मांडणी

फेसाच्या गाभ्याची फळी पाण्यावर तरंगू पाहते, त्यामुळे ती केवळ स्वतःच्या वजनाने खाली राहत नाही. तिला दोन दोर लागतात. खाली ओढणारा दोर फळीच्या माथ्याला बांधून डेकवरील कप्पीतून नेतात. वर ओढणारा दोर फळीच्या खालच्या भागात बांधतात. तो बहुधा मागच्या कडेच्या खोबणीतून पेटीच्या तोंडाशी येतो व तेथील कप्पीवरून वळतो. दोन्ही दोर नाविकांच्या बसण्याच्या जागेपर्यंत आणून दोर-पकडीत अडकवतात. मोठ्या नौकेत ते विंचवर घेतात. दोन फळ्यांचे चार दोर होतात, म्हणून त्यांचे रंग वेगवेगळे ठेवतात आणि फळी किती खाली आहे हे कळण्यासाठी दोरावर किंवा फळीवर खुणा करतात.

फळीवर आडवा दाब असताना ती पेटीच्या भिंतीला घट्ट दाबली जाते. अशा वेळी विंचने जोर लावल्यास दोर किंवा त्याची बांधणीची जागा तुटू शकते. म्हणून नौका क्षणभर वाऱ्याकडे वळवून शिडांवरील दाब कमी करतात आणि मगच फळी हलवतात.

वापर

वाऱ्याकडे चढताना फळी पूर्ण खाली, वारा बाजूने असताना अर्धी आणि वारा पाठीमागून असताना बहुतांशी वर ठेवतात. वादळी लाटांत खोल उतरलेली फळी धोक्याची ठरू शकते: लाटेने आडवी ढकललेली नौका घसरून जाण्याऐवजी वाऱ्याआडच्या फळीवर अडखळते आणि उलटू शकते. त्यामुळे अशा हवेत निदान ती फळी वर घेतात. दोन्ही फळ्या वर घेतल्या की नौका उथळ पाण्यात जाऊ शकते. मात्र वाळूवर टेकल्यास वाळू व खडे खालून पेटीत शिरून फळी जाम होते.

सेंटरबोर्ड खडकाला लागल्यास मागे वळते. डॅगरबोर्डला ती सोय नाही. म्हणून पेटीचा भाग भक्कम करतात आणि फळी मोडायचीच असेल तर ती तळाच्या खाली मोडावी, अशी रचना करतात. पेटी फाटल्यास होडीत पाणी शिरते.

समुद्रशैवाल

सरळ उभ्या कडेवर तरंगते शैवाल अडकते आणि पाण्याच्या प्रवाहानेच तेथे दाबले जाते. त्याने विरोध वाढतो, फळी थरथरते आणि तिची वाहवणे रोखण्याची शक्ती घटते. २०११ पासून उष्णकटिबंधीय अटलांटिकमध्ये सारगॅसम शैवालाचे प्रचंड पट्टे वारंवार दिसू लागल्याने कॅरिबियनकडे जाणाऱ्या नौकांना हा त्रास नेहमीचा झाला आहे.

कॅटमरानाची सोय अशी की एक फळी काम करीत असताना दुसरी स्वच्छ करता येते. आधी स्वच्छ फळी खाली करतात, वेग कमी करतात आणि मग शैवाल लागलेली फळी तिचे टोक तळाशी येईपर्यंत वर ओढतात. पेटीच्या तोंडाशी अडलेले शैवाल कडेवरून खाली सरकत जाऊन टोकावरून सुटते. ते फटीत ओढले जाऊ लागले, तर फळी थोडी खाली सोडून पुन्हा ओढतात. अर्धवट वर घेऊन थांबल्यास शैवाल टोकाशी तसेच लटकत राहते.

एवढ्याने न सुटल्यास नौका वाऱ्यासमोर उभी करून काही अंतर मागे जाऊ देतात, म्हणजे उलट प्रवाहाने शैवाल निघते. त्या वेळी सुकाणू घट्ट धरावे लागते, कारण मागे जाताना ते एकदम वळून मोडण्याची भीती असते. सुकाणूच्या पात्यांवर अडकलेले शैवाल लांब काठीने काढतात.

देखभाल

वर-खाली न केलेल्या फळीच्या पेटीत शिंपले व बार्नकल वाढतात आणि ऐन गरजेच्या वेळी फळी हलत नाही. त्यामुळे नांगरलेल्या नौकेतही फळ्या अधूनमधून पूर्ण सरकवतात. नौका किनाऱ्यावर घेतल्यावर फळ्या बाहेर काढून पेटीच्या आतील भिंती, पट्ट्या आणि दोरांची झीज तपासतात.