जेऊरची दोन मिनिटे : भीमेकाठची विसरलेली वेधशाळा

थ्रेड. विजयदुर्गावरील ‘साहेबाच्या कट्ट्यां’ची गोष्ट आपणांपैकी बहुतेकांनी ऐकली असेल. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने 18 ऑगस्ट 1868 रोजी त्या कट्ट्यांवरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, अशी ती गोष्ट. गोष्ट सुरेख आहे, परंतु खरी नाही. आणि तिच्या सावलीत इंदापूरशेजारची एक खरी गोष्ट हरवून गेली आहे. आज ती सांगतो.

आधी विजयदुर्गाचा हिशेब चुकता करू. 1868 च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन याने ते ग्रहण गुंटूरहून पाहिले. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणावाचून, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट घेतला. त्यातील एका पिवळ्या रेषेचा मेळ कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी बसेना. तेच पुढे हेलियम ठरले. लॉकियर विजयदुर्गास आला तो तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. गडावरचे कट्टे त्या मोहिमेचे.

आता नकाशा उघडा. 1898 च्या त्या ग्रहणाची सावली विजयदुर्गाच्या बाजूने किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येस सरकत थेट बक्सरच्या दिशेने गेली. विजयदुर्ग आणि जेऊर यांना जोडणारी रेघ ओढून पाहा, ती इंदापूर कसब्याला जवळजवळ स्पर्शून जाते. बारामती त्या पट्ट्याच्या उत्तर काठाच्या आसपास येते. इंदापूरहून भीमा ओलांडली की करमाळा तालुका लागतो आणि तेथे जेऊर.

जेऊरच का? याचे उत्तर आकाशात जितके आहे तितकेच जमिनीवर आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग दिकसाळजवळ भीमा ओलांडून जेऊरवरून जातो. बंदरावर उतरविलेल्या जड पेट्या रेल्वेने थेट सावलीच्या मध्यापर्यंत नेता येतील, अशी ठिकाणे फार नव्हती. शिवाय हा पर्जन्यछायेचा मुलूख. ज्या कोरड्या आभाळाने इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या रडविले, तेच खगोलज्ञांना हवे होते.

त्या वर्षी आभाळ कोरडे होते एवढेच म्हणून पुढे जाता येणार नाही. 1896-97 चा दुष्काळ नुकताच सरला होता. मुंबईत आणि पुण्यात प्लेगने घरे ओस पाडली होती. 22 जून 1897 च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. ग्रहण लागले तेव्हा दामोदर चापेकर कैदेत होते आणि ‘ओरायन’सारखा ज्योतिर्गणितावर उभा असलेला ग्रंथ लिहिणारे लोकमान्य टिळकही राजद्रोहाच्या शिक्षेमुळे तुरुंगात होते. नक्षत्रांवरून वेदांचा काळ ठरवू पाहणारा माणूस गजाआड, आणि त्याच्याच मुलुखावरून चंद्राची सावली चाललेली! इतिहासात असे योग येतात. त्यांतून कोणताही अर्थ काढण्याचा मोह मी टाळतो, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

जेऊरला दोन मोठ्या छावण्या पडल्या. पहिली पुण्याची. कावसजी दादाभाई नेगमवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील, म्हणजे आजच्या सीओईपीमधील, अध्यापक. भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या देणगीत मुंबई सरकारने भर घातली आणि महाविद्यालयात ‘महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा’ उभी राहिली. तिची 20 इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी. ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेचा आणि प्रभामंडलाचा वर्णपट टिपण्यासाठी नेगमवाला जेऊरला आले. त्यांचा अहवाल 1902 मध्ये मुंबईत छापला गेला. देशी माणसाने आखलेली आणि चालविलेली ही ग्रहणमोहीम आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीचीही धनी नाही, याचे मला वैषम्य वाटते.

दुसरी छावणी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेची. प्रमुख होते विल्यम वॉलेस कॅम्पबेल, सोबत पत्नी एलिझाबेथ. खर्च चार्ल्स क्रॉकर या धनिकाच्या देणगीतून झाला. त्यांच्या सामानातील मुख्य वस्तू म्हणजे 40 फूट नाभीय अंतराचा कॅमेरा. त्याचे भिंग अवघे पाच इंचांचे, पण प्रकाशपट्टिकेवर सूर्याचे बिंब जवळजवळ साडेचार इंचांचे उमटे. एवढी लांब नळी सूर्याकडे रोखायची कशी? डोंगराचा उतार मिळाला असता तर तिला त्याचा आधार देता आला असता. जेऊरची जमीन सपाट. म्हणून पट्टिकेसाठी खाली खड्डा आणि भिंगासाठी वर बुरूज. त्यातही आतला बुरूज भिंगाचा आणि बाहेरचा नळीच्या कापडाचा, म्हणजे वाऱ्याने कापड फडफडले तरी भिंग हलायला नको. नळी स्थिर ठेवायची आणि सूर्य सरकेल तशी पट्टिका यंत्राने सरकवायची. बांधकामाची ही युक्ती मला त्या साऱ्या मोहिमेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पण इतकी उपकरणे हाताळणार कोण? समुद्रापलीकडून शास्त्रज्ञ आणावेत तर मोजकेच. उरलेले हात जागेवरच जमवावे लागत. लॉकियरला ते ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील खलाशांत मिळाले. जेऊरला कॅम्पबेलच्या मदतीस आले त्यांत इथले ब्रिटिश अधिकारी होते. यांपैकी बहुतेकांना वर्णपट म्हणजे काय हे आदल्या आठवड्यात कळले असणार. म्हणून तालीम. एकाने मोठ्याने सेकंद मोजायचे, दुसऱ्याने झडप उघडायची, तिसऱ्याने पट्टिका बदलायची. ग्रहण पाहायला आलेल्या माणसाने ग्रहणाकडे पाहायचे नाही, ही यातली शिस्त; कारण मान वर गेली की हात चुकला. खग्रास स्थिती जेऊरला सुमारे दोन मिनिटांची. ती हुकली तर काही महिन्यांचा प्रवास वाया.

शनिवार, पौष अमावस्या. आकाश निरभ्र राहिले. भर दुपारी काळोख झाला, पट्टिका भरल्या. सूर्याचे तेज लोपताना क्षणभर लखलखणाऱ्या रेषांचा वर्णपट कॅम्पबेलने सरकत्या पट्टिकेवर टिपला. त्यामुळे त्या रेषा क्षणाक्षणाला कशा बदलतात, हे एकाच चित्रात सलग पाहता आले. मग खांब उपटले गेले, पेट्या बंद झाल्या. ज्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी दोनच वर्षांपूर्वी ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास’ प्रसिद्ध केला होता, ते त्याच एप्रिलमध्ये वारले.

पुण्याच्या वेधशाळेचे पुढे काय झाले? 1912 मध्ये नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. एका माणसाबरोबर एक संस्था संपली. पुढचे पाऊल सरकारने नव्हे, नागरिकांनी टाकले. 22 ऑगस्ट 1944 रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातील सर्वांत जुनी संस्था. खलाशी आणि अधिकारी दोन मिनिटांपुरते जे झाले, ते हे सभासद नोकरी-शिक्षण सांभाळून वर्षानुवर्षे आहेत : विनावेतन वेध घेणारे.

उजनीच्या जलाशयाने दिकसाळजवळचा भीमेचा काठ ओळखू न येण्याइतका बदलला, पण जेऊरचे स्थानक आहे आणि गाड्याही जातात. भिगवणला रोहित पाहायला जाणार असाल तर थोडे पुढे जाऊन या. आणि विजयदुर्गावर कोणी 1868 सांगितले, तर नम्रपणे 1898 म्हणा.