काचेवरची पेन्सिल

जुन्या तसबिरींतले चेहरे इतके नितळ कसे, असा विषय निघाला की रिटचिंग करणाऱ्याच्या लबाडीवर सगळा ठपका ठेवला जातो. मुंबईपुरता तरी मला हा अन्याय वाटतो. 1854 मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी शहरात स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्या काळी फोटो टिपणाऱ्या, कलोडियनचा थर दिलेल्या ओल्या काचेला निळा-जांभळा प्रकाश तेवढा दिसे. तांबड्या-पिवळ्याला ती जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे कुंकू काळं उमटे, सोनं मळकट दिसे आणि सावळा चेहरा होता त्याहून बराच गडद येई. गालावरची तांबूस पुळीसुद्धा काळा डाग होऊन बसे. खोटं आधी काच बोलली होती. पेन्सिल आली ती दुरुस्तीला.

त्या दुरुस्तीची रीत मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा वाद तिच्यातच दडलेला आहे. कागदावर जी सुरकुती काळी दिसते, ती निगेटिव्हवर जवळजवळ पारदर्शक असते. शिसं धरावं म्हणून त्या जागी आधी व्हार्निशचा पातळ हात द्यायचा, काच उजेडासमोर तिरकी मांडायची आणि टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरत जायचं. भरलेली जागा छापताना उजळते. उलट काही गडद करायचं तर पात्याने थर खरवडावा लागे, आणि हात घसरला की काच वाया. म्हणजे या हत्याराला उजळवणं सोपं आणि काळवणं जोखमीचं होतं. रिटचिंगने गोरेपणाचं वेड पोसलं, हा आक्षेप मी नाकारत नाही. लग्नासाठी दाखवायच्या फोटोत ते वेड उघडच होतं. पण त्यात हत्याराचा कलही मिसळलेला होता, हे विसरून चालणार नाही. पुढे सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली. दुरुस्तीचं कारण संपलं, तरी पेन्सिल थांबली नाही. तिथून पुढे मात्र तिची बाजू मला घेता येत नाही.

उजळवण्याकडेच झुकणाऱ्या पेन्सिलीच्या या कोंडीतून खरी वाट काढली ती दिव्यांनी. काचेच्या छपराखाली, पडदे सरकवून उजेड बेतणाऱ्या स्टुडिओंची पावसाळ्यात पंचाईत होई. वीज आल्यावर प्रकाश कुठून आणि किती पाडायचा हे फोटोग्राफरच्या हाती आलं. दादरला रणजित, परळला राजकमल अशा चित्रपट स्टुडिओंच्या या परिसरात फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी 1948 मध्ये दादरला इंडिया फोटो स्टुडिओ सुरू केला. त्यांनी काढलेल्या सिनेतारकांच्या चित्रांत सावली ही पुसून टाकायची चूक राहिली नाही. चेहऱ्याला घडण देणारं ते अर्धं काम झालं. पेन्सिलीला जे कधीच जमलं नसतं, ते एका बाजूने टाकलेल्या कडक झोताने साधलं.

पण पेन्सिलीच्या त्या कारागिरीचा पुरावा छापील फोटोत सापडत नाही, तो निगेटिव्हवर असतो. गिरगाव-दादरचा एखादा जुना स्टुडिओ बंद होताना काचांच्या पेट्या भंगारात निघाल्या, तर एक काच उजेडासमोर तिरकी धरून पाहा. गालावर, डोळ्यांखाली शिशाचे ठिपके चमकताना दिसतील. त्या पेट्या टाकू देऊ नका.