वर्धेचा पूल आणि उस्मानियाचे विद्यार्थी

बल्लारशाहून काझीपेठेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात वर्धेचा पूल ओलांडते. आज पुलाच्या दोन्ही टोकांना चंद्रपूर जिल्हाच आहे. १९३८ साली मात्र पलीकडचे राजुरा निजामाच्या राज्यात होते आणि अलीकडचा चांदा जिल्हा मध्यप्रांतात. आमचे गोंडपिपरी याच नदीच्या अलीकडच्या तालुक्याचे ठिकाण. पुढे आमच्याच तालुक्याच्या कडेला वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होतात. हैदराबादहून नागपूरला येण्याचा सरळ लोहमार्ग या पुलावरून जातो. वंदे मातरम् म्हटले म्हणून विद्यापीठातून काढले गेलेले विद्यार्थी ज्या नागपूरकडे वळले, त्या नागपूरची वाट ही अशी आमच्या दारावरून जाते. तरीही हे प्रकरण आमच्याकडे बहुधा मराठवाड्याच्या इतिहासातली एक ओळ म्हणूनच शिकवले जाते.

घटना थोडक्यात अशी. नोव्हेंबर १९३८मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि पाठोपाठ हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणू लागले. हे गीत राजकीय आहे आणि इतरांच्या भावना दुखावणारे आहे, असे सांगून अधिकाऱ्यांनी त्याला मनाई केली. विद्यार्थी संपावर गेले. शेकडोंची नावे पटावरून कमी झाली. परतायचे तर पुन्हा गीत म्हणणार नाही अशी हमी द्यावी लागे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्याकडे प्रवेश दिला.

इथवरची कथा सरळ आहे, आणि सरळ असल्यामुळेच ती आम्हाला अपुरी वाटते. उस्मानिया हे काही मागासलेले विद्यापीठ नव्हते. १९१८ साली स्थापन झालेले, भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस करणारे ते आधुनिक विद्यापीठ. विज्ञान, वैद्यक, कायदा सगळे उर्दूतून. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले गेले आणि पाश्चात्त्य विद्येचे शेकडो ग्रंथ उर्दूत आले. मराठीला ज्ञानभाषा करण्याच्या चर्चा आपण अजून करतो. तेव्हा त्या भाषांतरखात्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. अडचण एवढीच, की संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. जी भाषा उदारपणे ‘देशी’ म्हणून निवडली गेली, ती या मुलांच्या घरची नव्हती.

गीताचीही एक बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने कलकत्त्याच्या बैठकीत वंदे मातरम्‌ची पहिली दोनच कडवी राष्ट्रीय कार्यक्रमांत म्हणावीत असे ठरवले होते. पुढच्या कडव्यांतील देवीरूपाला मुसलमानांचा असलेला आक्षेप त्या संघटनेनेच विचारात घेतला होता. म्हणजे संपाच्या वर्षभर आधी हे गीत सर्व देशात वादाचा विषय होऊन बसले होते. हैदराबादच्या मुसलमान विद्यार्थ्याला ते खटकत असेल, तर त्याला केवळ निजामाचा हस्तक म्हणणे हा इतिहास नव्हे. पण खटकणे वेगळे आणि नाव काढून टाकणे वेगळे. विद्यापीठाने वाद ऐकून घेण्याऐवजी वाद घालणारेच बाहेर काढले.

वर्गात हे सांगताना एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, की मग नागपुरात या मुलांनी पेपर कोणत्या भाषेत लिहिले? तिच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी आणि पदवीची क्रमिक पुस्तके निम्मी इंग्रजी. हा प्रश्न तिलाच सुचावा हे स्वाभाविक होते. उत्तर असे, की इंग्रजीत. नागपूर विद्यापीठाचे माध्यम तेव्हा इंग्रजी होते. उर्दूतून पदार्थविज्ञान शिकलेल्या तेलुगू वा मराठी मुलाला एका संस्कृत-बंगाली गीतासाठी इंग्रजीत नव्याने सुरुवात करावी लागली. या सगळ्या हिशेबात त्याची स्वतःची भाषा कुठेच नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या ग्रंथांत तुरुंगवासाची नोंद सापडते. माध्यम बदलल्यामुळे सोसाव्या लागलेल्या कष्टांना तिथे जागा नसते.

या विद्यार्थ्यांपैकी एक पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. हनमकोंड्याच्या कॉलेजातून नाव गेल्यावर ते नागपूरला आले, पुढे पुण्याच्या फर्गसनमध्ये आणि कायद्यासाठी पुन्हा नागपुरात शिकले. या वळणातून त्यांना मराठी मिळाली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’चा त्यांनी ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगू अनुवाद केला. १९८४ आणि १९८९मध्ये ते रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले आणि १९९१मध्ये पंतप्रधान झाले. आम्हा मराठीच्या अध्यापकांना त्यांच्या पंतप्रधानपदापेक्षा तो अनुवाद अधिक बोलका वाटतो (हा आमचा व्यवसायदोष मानावा). एका विद्यापीठाने दार लावले आणि यमूची कहाणी तेलुगूत गेली.

दुसरे देवुलपल्ली वेंकटेश्वर राव. तेही याच गीतापायी उस्मानियाबाहेर गेले आणि जबलपूरला पदवी घेऊन परतले. पुढे ते कम्युनिस्ट झाले आणि तेलंगणच्या सशस्त्र शेतकरी लढ्याच्या नेत्यांत गणले गेले. त्याच लढ्यात मख्दूम मोहिउद्दीन होते: उस्मानियाचेच माजी विद्यार्थी आणि उर्दूचे मोठे कवी. गीतासाठी निघालेला तेलुगू तरुण आणि विद्यापीठाच्या उर्दू संस्कृतीचा मानकरी काही वर्षांत एकाच पक्षात, एकाच निजामाविरुद्ध उभे राहिले. १९३८चा तंटा केवळ हिंदू आणि मुसलमान यांचा होता असे मानणाऱ्यांना हे दोघे अडचणीचे ठरतात. आर्य समाजाच्या वर्तुळातले माजी विद्यार्थी हाच तंटा धर्मरक्षणाचा पहिला टप्पा म्हणून सांगत. काँग्रेसची मंडळी संस्थानातील राष्ट्रीय जागृती म्हणून. विद्यापीठ एकच होते, गीत एकच होते. पण प्रत्येकाने पुढे धरलेली वाट मागे नेऊन त्या नोव्हेंबर महिन्याला चिकटवली.

म्हणूनच माजी विद्यार्थ्यांचे मत हे विद्यार्थ्यांचे मत नव्हे, हे आम्ही वर्गात पुनःपुन्हा सांगतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला संपाच्या सकाळी काय वाटले आणि साठीत, पद भोगून झाल्यावर, आपल्याला काय वाटले होते असे वाटते, यांत बरेच अंतर असते. १९४८च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियातील उर्दू माध्यमही गेले आणि त्याच्या जागी आले ते इंग्रजीच. उर्दूतून शिकलेल्या पदवीधरांना त्या माध्यमाची हळहळ वाटत राहिली. ती हळहळसुद्धा माजी विद्यार्थ्यांचे मतच आहे. मराठीत तिची दखल फारशी कोणी घेतली नाही.

आणि ज्यांनी हमी लिहून दिली ते? कोणाच्या बापाची नोकरी सरकारात असेल, कोणाची फी दुसऱ्या कोणी भरलेली असेल, कोणाला नागपूरचे तिकीट परवडत नसेल. वर्धेचा पूल ओलांडणाऱ्यांनी आत्मवृत्ते लिहिली, अनुवाद केले, निवडणुका लढवल्या. सही करून वर्गात परत बसलेल्या मुलाने पुढच्या तासाला उर्दूतली टिपणे उतरवून घेतली.