स्कीबोर्ड : डोंगरावरचा पहिला दिवस

बर्फावरून घसरण्याच्या खेळांपैकी स्की आणि स्नोबोर्ड ही दोन नावे आपल्याकडे आता अपरिचित राहिलेली नाहीत. गुलमर्ग, औली किंवा सोलंगला हिवाळ्यात जाणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी अनेकांनी एखाद्या तासापुरते तरी भाड्याचे स्की पायांत चढवून पाहिलेले असतात. या दोहोंच्या मधले एक साधन मात्र फारसे कुणाच्या ओळखीचे नाही. ते म्हणजे स्कीबोर्ड. दिसायला हे आखूड आणि रुंद स्कीच. पण त्यांचा स्वभाव वेगळा आणि त्यांचे धोकेही वेगळे. नवे कोरे स्कीबोर्ड घेऊन पहिल्यांदा डोंगरावर जाणाऱ्याने काही गोष्टी समजून घेतल्या, तर तो दिवस आनंदात जातो. त्या न समजता गेल्यास नडगीचे हाड मोडून परतण्याची पाळी येऊ शकते.

स्कीबोर्ड म्हणजे काय?

प्रौढ व्यक्तीचे नेहमीचे स्की साधारणपणे १५० ते १८५ सेंटीमीटर लांब असतात. स्कीबोर्डची लांबी बहुधा १०० सेंटीमीटरच्या आत असते. काही प्रकार त्याहून थोडे लांबही मिळतात. दोन्ही टोके वर वळलेली असल्याने पुढे जितक्या सहजपणे जाता येते, तितक्याच सहजपणे उलटेही घसरता येते. हातांत काठ्या घ्यायच्या नसतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात. येथे मात्र प्रत्येक पायाला स्वतंत्र फळी असते आणि पायांत स्कीचेच कडक बूट घालायचे असतात. म्हणूनच चाकांच्या स्केट्सची सवय असलेल्यांना हा प्रकार लवकर जमतो.

आखूड स्कीची जुनी परंपरा

आखूड स्की ही काही अलीकडची कल्पना नव्हे. वसंत ऋतूत घट्ट झालेल्या दाणेदार बर्फावरून शिखराखाली चटकन उतरता यावे म्हणून आल्प्समधील गिर्यारोहक पाठीवर अगदी तोकडे स्की वाहून नेत. अमेरिकेत क्लिफ टेलर या प्रशिक्षकाने नवशिक्यांना आधी आखूड स्कीवर उभे करून मग टप्प्याटप्प्याने लांबी वाढवण्याची पद्धत पुरस्कारली आणि १९६०च्या दशकात ती तेथील अनेक स्कीशाळांत रुजली. तिच्यामागचा विचार सरळ होता. नवशिक्याची भीती वळण घेता न येण्यातून जन्मते, आणि आखूड फळी वळवणे सोपे असते.

१९९०च्या दशकाच्या प्रारंभी क्नाइस्ल या ऑस्ट्रियन कंपनीचे ‘बिगफूट’ बाजारात आले. त्याच्या पुढच्या टोकाला चक्क पायाच्या बोटांचा आकार दिलेला होता. १९९५ मध्ये अमेरिकेतील जेसन लेव्हिंथल या तरुणाने ‘लाइन’ ही कंपनी सुरू केली आणि दोन्ही टोके वळलेल्या, कसरतींसाठी बनवलेल्या स्कीबोर्डना खरी ओळख मिळाली. सालोमन कंपनीचे ‘स्नोब्लेड’ तर इतके लोकप्रिय झाले की ते व्यापारी नाव सर्वच आखूड स्कींना चिकटले. १९९८ ते २००० या तीन वर्षांत अमेरिकेतील विंटर एक्स गेम्समध्ये स्कीबोर्डच्या स्पर्धाही झाल्या.

पुढे हा बहर ओसरला. १९९८च्या सुमारास सालोमनचे ‘टेन-एटी’ आले. दोन्ही टोके वळलेले पण पूर्ण लांबीचे हे स्की पाहून कसरती करणारे तरुण तिकडे वळले आणि मोठ्या कंपन्यांनीही आपला मोहरा फिरवला. तरीही स्कीबोर्ड नामशेष झाले नाहीत. छोटे उत्पादक आणि निष्ठावंत चाहते यांनी ते टिकवून ठेवले आहेत.

लांबी घटली की काय बदलते?

स्कीबोर्डचे सारे गुणदोष त्याच्या लांबीत दडलेले आहेत. एखादी फळी मध्यावर धरून फिरवण्यास लागणारे बळ तिच्या वजनावर आणि लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. १७० सेंटीमीटरच्या स्कीऐवजी तशाच बांधणीची ९० सेंटीमीटरची फळी घेतली, तर ढोबळ हिशेबाने हा विरोध जवळजवळ सातव्या हिश्श्यावर येतो. फळी अधिक रुंद असल्याने प्रत्यक्षातील फरक काहीसा कमी असतो. तरीही पाय नुसता वळवावा आणि फळी वळावी, असा अनुभव येतो तो यामुळेच. शिवाय फळीच्या दोन्ही बाजूंना कमरेसारखा खोलगट आकार दिलेला असल्याने, ती कडेवर कलली की स्वतःहून लहानशा वर्तुळात वळू लागते.

हाच गुण वेग वाढल्यावर दोष ठरतो. लांब स्की खाचखळगे ओलांडून सरळ जातात, तर आखूड फळी प्रत्येक उंचवट्यावर थरथरते. भुसभुशीत बर्फात आणखी एक अडचण उभी राहते. ९० सेंटीमीटर लांब व सरासरी ११ सेंटीमीटर रुंद अशा दोन फळ्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २००० चौरस सेंटीमीटर भरते. १७० सेंटीमीटर लांब व सरासरी साडेनऊ सेंटीमीटर रुंद स्कीच्या जोडीचे क्षेत्रफळ ३२०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास असते. म्हणजे त्याच माणसाचा भार स्कीबोर्डवरून बर्फावर दीडपटीहून अधिक दाबाने पडतो. परिणामी ताज्या, खोल बर्फात स्कीबोर्ड रुततात आणि स्वार पुढे कोसळतो.

प्रश्न नडगीचा

नवे स्कीबोर्ड घेताना रंग आणि नक्षी यांकडे आधी लक्ष जाते. खरे लक्ष द्यायला हवे ते बाइंडिंगकडे, म्हणजे बूट फळीला जखडून ठेवणाऱ्या यंत्रणेकडे.

स्कीच्या इतिहासात बाइंडिंग आपोआप सुटण्याची सोय फार उशिरा आली. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या ह्याल्मार ह्वाम या विजेत्या स्कीपटूचा पाय १९३७ मध्ये मोडला. त्यानंतर त्याने पडताना बूट मोकळा करणारे बाइंडिंग तयार केले. आजच्या स्की बाइंडिंगमध्ये पाय पिळवटला की पुढचा भाग आडवा सुटतो आणि शरीर पुढे फेकले गेले की टाचेचा भाग वर उघडतो.

स्कीबोर्डच्या पहिल्या लाटेत मात्र बहुतेक जोड्यांना न सुटणारे बाइंडिंग लावलेले असे. फळी आखूड, म्हणून तरफही लहान. तेव्हा ती पायाला इजा करणार नाही, असा समज त्यामागे होता. तो अर्धाच खरा ठरला. लांब स्कीचे शेपूट गुडघ्याला जसे पिळते तसे आखूड फळी पिळत नाही, त्यामुळे गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या दुखापती स्कीबोर्डवर कमी आढळल्या. पण फळी बर्फात अडकली आणि शरीर पुढे जात राहिले, तर सारा ताण कडक बुटाच्या वरच्या काठाशी, म्हणजे नडगीवर येतो. न सुटणाऱ्या बाइंडिंगसह स्कीबोर्ड वापरणाऱ्यांमध्ये नडगीचे हाड मोडण्याचे प्रमाण स्कीपटूंपेक्षा अधिक असल्याचे वैद्यकीय पाहण्यांतून पुढे आले.

म्हणूनच आज नवी जोडी घेताना सुटणाऱ्या बाइंडिंगचा आग्रह धरणे शहाणपणाचे आहे. त्यासाठी काही स्कीबोर्डवर आधी एक उंचवटा देणारी पट्टी बसवावी लागते. बाइंडिंग किती बळाने सुटावे, हे स्वाराचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी या पाच गोष्टींवरून ठरते. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. मित्राच्या जोडीवरचा आकडा पाहून आपला स्क्रू फिरवणे धोक्याचे. जुनी जोडी स्वस्तात मिळत असेल, तर तिचे बाइंडिंग कोणत्या प्रकारचे आहे हे आधी विचारावे.

डोंगरावर जाण्यापूर्वी

घरी, गालिच्यावर उभे राहून बूट बाइंडिंगमध्ये बसवून आणि काढून पाहावेत. बुटाचा मध्य फळीवरील खुणेशी जुळतो का, हे तपासावे. लांब स्कीवर एखादा सेंटीमीटर मागेपुढे झाला तर फारसे जाणवत नाही. ९० सेंटीमीटरच्या फळीवर मात्र तोच फरक तोल बिघडवतो. बूट सुटल्यावर फळी उतारावरून घरंगळू नये म्हणून बाइंडिंगला ब्रेकचे दोन दांडे असतात. फळी रुंद असल्याने हे दांडे तिच्या दोन्ही बाजूंनी नीट खाली येतात ना, ते पाहावे. न सुटणारे बाइंडिंग असेल, तर पायाला बांधायचा पट्टा हवाच. मोकळी सुटलेली फळी खालच्या माणसासाठी बाणासारखी असते.

नव्या फळीच्या पोलादी कडा अतिशय धारदार असतात. दोन्ही टोकांजवळची धार रबरी घर्षणदगडाने किंचित बोथट करून घेतल्यास कड अवचित बर्फात रुतण्याचे प्रमाण कमी होते. तळाला त्या दिवसाच्या तापमानाला साजेसे वॅक्स लावावे. हेल्मेट, हातमोजे आणि चांगला गॉगल यांत काटकसर नको. ताजा बर्फ अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्के भाग परावर्तित करतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही डोळे आणि त्वचा भाजू शकते.

पहिली उतरंड

पहिल्या दिवसासाठी यंत्राने दाबून सपाट केलेला, रुंद आणि सौम्य उतार निवडावा. सकाळी लवकर बर्फ काचेसारखा कडक असतो, तर दुपार कलल्यावर तो जड आणि ओला होतो. यांच्यामधली, ऊन थोडे चढल्यानंतरची वेळ नवख्याला सर्वांत सोयीची.

उभे राहण्याची ढब ही पहिली कसोटी. गुडघे सैल, घोटे वाकलेले, नडग्या बुटाच्या जिभेला हलकेच टेकलेल्या आणि शरीराचा भार तळपायाच्या मध्यावर असावा. लांब स्कीवर मागे रेलले तर शेपटाचा आधार मिळतो. स्कीबोर्डला शेपूट जवळजवळ नसतेच. मागे रेलणारा थेट बसतो आणि फार पुढे झुकणारा नाकावर जातो. हातांत काठ्या नसल्याने हात कमरेपेक्षा थोडे वर, नजरेच्या टप्प्यात ठेवावेत.

थांबायला शिकणे ही दुसरी कसोटी, आणि ती वेग घेण्याआधीची आहे. नवख्या स्कीपटूंना शिकवतात तो, पुढची टोके जवळ आणून पाचर करण्याचा उपाय येथे दुबळा पडतो, कारण बर्फाला घासणारी कडच तोकडी असते. म्हणून दोन्ही फळ्या एकदम उताराला आडव्या वळवून वरच्या बाजूच्या कडांवर भार देण्याचा सराव सुरुवातीलाच करावा. आधी उताराला आडवे उभे राहून कडा हलकेच सैल सोडाव्यात, हातभर घसरावे, पुन्हा कडा रोवून थांबावे. डावीकडे तोंड करून आणि उजवीकडे तोंड करून हे दहा-दहा वेळा जमले की मग वळणांकडे वळावे.

पाय खांद्यांच्या रुंदीइतके अंतर ठेवून, दोन्ही फळ्या एकाच वेळी कलवून मोठी वळणे घ्यावीत. फळी थरथरू लागली, तर ती वेगाची मर्यादा ओलांडल्याची सूचना समजावी आणि वळण पूर्ण करून वेग मोडावा. सपाट जागी स्केटिंगसारखी पावले टाकत पुढे सरकता येते. उलटे घसरणे, गिरक्या, उड्या यांचा मोह पहिल्या दिवशी आवरावा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा आचारनियमांपैकी दोन तरी पाठ असावेत : खाली असलेल्याचा हक्क पहिला, आणि वेग आपल्या आवाक्यातलाच असावा.

आपल्याकडचे उतार

गुलमर्गला १९६८ पासून स्की आणि गिर्यारोहणाचे प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था आहे आणि २०२० पासून तेथे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही भरू लागल्या. सुमारे २६५० मीटर उंचीवरील गावालगतचे सौम्य उतार स्कीबोर्डच्या पहिल्या दिवसाला उत्तम. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवतच्या अंगावर सुमारे ३९५० मीटरपर्यंत नेतो. तेथील खोल, न दाबलेला बर्फ जगभरच्या निष्णात स्कीपटूंना खुणावतो. पण तो स्कीबोर्डचा प्रांत नव्हे. आखूड फळी तेथे रुतते, विरळ हवेत दम लवकर लागतो आणि हिमस्खलनाचा धोका कायम असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवरील हिमस्खलनात दोन परदेशी स्कीपटूंचा मृत्यू झाला होता.

दिवसाच्या शेवटच्या फेरीबद्दलही एक सूचना. थकलेल्या मांड्या आणि घट्ट होत जाणारा बर्फ ही जोडी अपघाताला आमंत्रण देते. पाय थरथरू लागले की फळ्या काढाव्यात, कडा कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि बाइंडिंगच्या स्प्रिंगमध्ये बर्फ उरला नाही ना, हे पाहून घ्यावे. तेथे गोठलेला बर्फ दुसऱ्या दिवशी बाइंडिंगला सुटू देत नाही.