धनराजचा ताळेबंद

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील तरुणांना घेऊन मी हिवरे बाजारला गेलो होतो. नगरपासून जवळ असलेले हे एकेकाळचे दुष्काळी गाव पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात कसे सावरले, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे एवढाच हेतू. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला हे मोजायचे, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावीत ते ठरवायचे. उसाला आणि केळीला गावात मज्जाव आहे.

पवार पूर्वी क्रिकेट खेळत असत, अशी माहिती परतीच्या वाटेवर कोणीतरी पुरविली आणि गाडीत वादाला तोंड फुटले. क्रिकेटवरून गाडी हॉकीवर आली. भारताच्या हॉकी संघात अलीकडच्या काळातील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? मुलांचे एकमत झाले: गोलरक्षक श्रीजेश. मी म्हणालो, धनराज पिल्ले. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "फादर, धनराजला ऑलिंपिकचे पदक कितीदा मिळाले?"

एकदाही नाही. धनराज १९९२, १९९६, २००० आणि २००४ अशा चार ऑलिंपिक स्पर्धा खेळला आणि भारताचा क्रमांक अनुक्रमे सातवा, आठवा, सातवा आणि सातवा आला. चार विश्वचषक स्पर्धांतही १९९४ च्या सिडनीतील पाचव्या क्रमांकापलीकडे आपण गेलो नाही. उलट श्रीजेशच्या पदरी टोकियो आणि पॅरिस अशी दोन कांस्यपदके आहेत. टोकियोत, २०२१ साली, जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना अगदी अखेरच्या क्षणी आलेला पेनल्टी कॉर्नर अडविला गेला आणि एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिकचे पदक घरी आले. या माणसाच्या थोरवीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही मुलीच्या प्रश्नाने मी गप्प झालो, हे कबूल करतो.

वास्तविक हा वाद माझ्यासाठी जुना आहे. १९९८ च्या डिसेंबरात मी पुण्याच्या सेमिनरीत शिकत होतो. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी स्ट्रोकवर आपण जिंकलो. आशियाई सुवर्णपदक बत्तीस वर्षांनी मिळाले होते. कर्णधार होता धनराज, आमच्या शेजारच्या खडकीचा. सेमिनरीत ओरिसाच्या सुंदरगड जिल्ह्यातून आलेले काही बंधू होते. ते अनवाणी हॉकी खेळत आणि आम्हा मराठी मुलांना सहज चकवीत. त्यांच्या लेखी त्या संघाचा खरा आधार एकच होता: एकवीस वर्षांचा बचावपटू दिलीप तिर्की, त्यांच्याच जिल्ह्यातील सौनामारा गावचा, आदिवासी आणि कॅथोलिक. आम्ही खडकीसाठी भांडलो, ते सौनामारासाठी भांडले. हॉकीविषयी त्या रात्री फार थोडे बोलणे झाले, असे आता वाटते.

तिर्कीची बाजू लंगडी नव्हती. तो तीन ऑलिंपिक खेळला, अथेन्समध्ये कर्णधार होता आणि त्याच्या नावावर ४१२ आंतरराष्ट्रीय सामने आहेत. मागे उभा राहून चेंडू अडविणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात तो चुकला म्हणजेच येते. एवढी वर्षे इतके कमी चुकणे ही सामान्य गोष्ट नव्हे. शिवाय तो आपल्या श्रद्धेचा, हाही मोह आहेच. आपल्या समाजात हॉकीच्या गप्पा निघाल्या की वांद्र्याच्या शाळा, गोव्याची आडनावे यांची उजळणी होते आणि 'आपला' हाच निकष ठरतो. त्या निकषावर धनराज पहिल्याच फेरीत बाद होईल. केवळ एवढ्याच कारणासाठी तो निकष मला नको आहे. (मुंबईला आल्यावर महिंद्राच्या संघात त्याला घडविणारे प्रशिक्षक ज्योकिम कार्व्हालो होते, ही गोष्ट मात्र आपल्या वाचकांना सुखावेल.)

मग निकष कोणता? गाडी नगरच्या वेशीवर येईपर्यंत मला हिवरे बाजारचाच निकष सुचला. पीक किती आले हे विचारण्याआधी पाऊस किती पडला ते विचारावे.

धनराजच्या वाट्याला आलेला पाऊस असा. जन्म १९६८ चा. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मैदानाची देखभाल करीत. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन मुले धुळीच्या मैदानावर खेळत. जगाची हॉकी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम गवतावर गेली होती. आपली मुले मातीवरच वाढत होती. १९८० च्या मॉस्कोनंतर आपल्याला ऑलिंपिकचे पदक मिळाले नव्हते. अशा संघात १९८९ साली तो आला. १९९४ च्या विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात तो एकटाच भारतीय होता. २००२ साली कोलोनच्या चॅम्पियन्स करंडकात भारत चौथा आला, तरी स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू धनराज ठरला. तेव्हा त्याचे वय चौतीस होते आणि प्रतिस्पर्धी बचावपटू अजूनही त्याच्या वेगाला बिचकत होते. पुढच्याच वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली आशिया चषक आला.

आणि बँकॉकनंतर काय घडले? सुवर्णपदक घेऊन परतलेल्या कर्णधाराला अन्य काही ज्येष्ठ खेळाडूंसह संघातून वगळण्यात आले. महासंघाचे म्हणणे, विश्रांती दिली. धनराजने खेळाडूंच्या मानधनाबद्दल तोंड उघडले होते, हे कारण बहुतेकांनी मानले. तो तोंडाचा फटकळ होता, रागीटही होता. त्याच्याबरोबर काम करणे सोपे नसणार. पण बत्तीस वर्षांनी सुवर्ण आणणाऱ्याला ही वागणूक मिळाली, हे इतिहासाने नोंदवायलाच हवे. नोंदींचे म्हणाल तर त्याच्या ३३९ सामन्यांतील गोलांची अधिकृत मोजदादही महासंघाने ठेवली नाही. सुमारे १७० हा आकडा अंदाजाने सांगितला जातो. ज्याचे पीकच कोणी मोजून ठेवले नाही, त्याच्याशी पदकांच्या यादीवरून तुलना कशी करावी?

सिडनीत, २००० साली, पोलंडने सामना संपायला दोन मिनिटेही उरली नसताना बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हुकली. तो गोल झाला नसता तर आमच्या गाडीतील मुलीने तो प्रश्न कदाचित विचारला नसता. श्रीजेशच्या पिढीला परदेशी प्रशिक्षक, ओडिशा सरकारचा आश्रय आणि कृत्रिम मैदाने मिळाली. त्यांनी त्या पावसाचे चीज केले, याचा आनंदच आहे. माझे मत मात्र धनराजला.

हे सारे मी सुंदरगडच्या माझ्या जुन्या सहाध्यायाला लिहून कळविले. ते आता तिकडेच धर्मगुरू आहेत. त्यांचे उत्तर चार ओळींचे आले. त्यांच्या जिल्ह्यात राउरकेलाला २०२३ साली वीस हजार प्रेक्षकांचे बिरसा मुंडा हॉकी स्टेडियम उभे राहिले, दिलीप २०२२ पासून हॉकी इंडियाचा अध्यक्ष झाला. तुमच्या खडकीत काय झाले, तेवढे कळवा.