औंध, लीड्स आणि शिल्पाभ्यासाची वृत्ती

सातारा जिल्ह्यात औंध गावी यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. बहुतेक लोक तिथे रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे पाहायला जातात. त्याच इमारतीत हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराचे ‘आई आणि मूल’ हे शिल्प आहे. त्याच्यापुढे थांबणारे थोडे.

मूर हा कॅसलफर्डच्या खाणकामगाराचा मुलगा. पहिल्या महायुद्धात लढून आला आणि माजी सैनिकांसाठीच्या अनुदानावर १९१९ साली लीड्सच्या कलाशाळेत दाखल झाला. १९२१ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तो लंडनच्या रॉयल कॉलेजात गेला. १९२५ मध्ये प्रवासवृत्तीवर इटली पाहून आला. ब्रिटिश म्युझियममधल्या प्राचीन मेक्सिकन शिल्पांपुढे त्याने तास न् तास घालवले, आणि त्यातून त्याचा दगडाकडे पाहण्याचा डोळा तयार झाला. पुढे त्याच्या नावाने प्रतिष्ठान निघाले. लीड्समधल्या हेन्री मूर इन्स्टिट्यूटमध्ये आज शिल्पाचे अभ्यासक आणि कलावंत दोघांनाही संशोधनवृत्ती मिळते. काही आठवडे तिथे राहायचे, शिल्पे पाहायची, ग्रंथालयात आणि शिल्पकारांच्या कागदपत्रांत बसायचे. राहण्याची आणि प्रवासाची सोय संस्था करते.

हे वाचताना मला औंध आठवते, ते केवळ तिथे मूरचे शिल्प आहे म्हणून नव्हे. वृत्ती हा शब्द न वापरता हेच काम औंधच्या राजाने केले होते.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) गादीवर आले ते १९०९ मध्ये. संस्थान अवघे ७२ गावांचे आणि तेही विखुरलेले. औंध आजच्या साताऱ्यात, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगलीत. बेळगावातून बिऱ्हाड हलवावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलजवळचा माळ दिला तो याच राजाने. कारखान्याला माळ देणारा हा माणूस स्वतः चित्रकार होता. चित्रकारांना बरोबर घेऊन तो अजिंठ्याला गेला आणि तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. वेरूळवर त्याने पुस्तक लिहिले, अजिंठ्यावरही लिहिले.

पण शिल्पाभ्यासाच्या दृष्टीने त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम पुण्यात झाले. १९१८ साली त्याने भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. पैसे देऊन तो बाजूला झाला नाही. सुकथनकरांनी संपादिलेल्या त्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर बाळासाहेबांचे नाव चित्रकार म्हणून आहे, आणि चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढल्याचे तिथेच नमूद आहे.

या नोंदीचा अर्थ नीट पाहायला हवा. रविवर्म्याने पुराणातल्या नायिकांना चोळी-लुगडे नेसवले आणि घरोघरच्या भिंतींवर तेच रूप ठरून गेले. त्याच रविवर्म्याची चित्रे औंधात मानाने लावणारा हा राजा. पण पाठ शुद्ध करायला निघालेल्या ग्रंथात चित्रेही शुद्ध हवीत, हा त्याचा आग्रह. द्रौपदीचे वस्त्र कसे, योद्ध्याचे शिरोभूषण कसे, रथाची धाटणी कशी, याला पोथीत उत्तर मिळत नाही. ते भारहूत-सांचीसारख्या ठिकाणी दगडात मिळते. संपादक हस्तलिखिते ताडून पाहत होते, तसा चित्रकाराने दगड ताडून पाहायचा. शिल्प हे शोभेची वस्तू नसून इतिहासाचा पुरावा आहे, हे औंधला तेव्हा उमगले होते.

१९३८ मध्ये संग्रहालय उभे राहिले. दहा वर्षांत, मार्च १९४८ मध्ये, संस्थान विलीन झाले. विलीनीकरण योग्यच होते, त्याबद्दल खंत नाही. इमारत आणि वस्तू टिकल्या, सरकारने सांभाळल्या. मात्र राजाची आवड ही फाइलीतून हस्तांतरित होणारी गोष्ट नव्हती. कलावंताला आणि अभ्यासकाला वस्तूपुढे दिवसचे दिवस बसू देण्याची सोय त्या आवडीबरोबरच संपली.

आज केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिछात्रवृत्ती आहेत. चाळिशीपुढच्यांना दरमहा २० हजार आणि २५ ते ४० वयाच्यांना १० हजार रुपये, मुदत दोन वर्षे. त्यात शिल्पकलाही येते. ही रक्कम माणसाला मिळते. तिची गाठ एखाद्या संग्रहाशी बांधलेली नसते. लीड्सची रीत वेगळी आहे. तिथे वस्तू आधी, अभ्यासक तिच्याकडे येतो.

औंधला असे चार आठवडे कुणाला मिळाले तर काय होईल? एखादा तरुण शिल्पकार मूरच्या आईसमोर बसेल. आटपाडीची एखादी मुलगी आपल्या तालुक्यातल्या वीरगळांची मोजमापे घेऊन येईल आणि ती इथल्या संग्रहाशी ताडून पाहील. पदवीच्या बाहेर राहून शिकणाऱ्या माझ्यासारख्यालाही कपाटाच्या काचेपलीकडचे टिपण वाचता येईल. खर्च एक खोली, दोन वेळचे जेवण आणि एसटीचे भाडे एवढाच. ७२ गावांच्या राजाला जे परवडले, ते दोन जिल्ह्यांना परवडू नये असे नाही.