वाळूची लेखणी : अंबरनाथच्या शिलालेखापासून सँडब्लास्टिंगपर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/ काचेच्या दारावरील दुधी नक्षी, ग्रॅनाइटच्या कोनशिलेवरील नावे, सन्मानचिन्हांवरील अक्षरे. यांतील पुष्कळसे काम आज छिन्नीने होत नाही. दाबाखालील हवेने फेकलेले कण ते करतात. या तंत्राचे नाव सँडब्लास्टिंग. त्याचा इतिहास कौशल्याचा आहे, तसाच तो श्वासाचाही आहे.

२/ उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील कोरीव अक्षरांचा सर्वांत प्रसिद्ध नमुना वालधुनीकाठच्या अंबरनाथ शिवमंदिरात आहे. शिलाहार राजा माम्वाणी ऊर्फ मुम्मुणी याच्या काळातील हा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा.

३/ ही मिती सहजी हाती लागलेली नाही. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ती शके ७८२ अशी वाचली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ९८२ हे वाचन मांडले. कोरलेल्या एका अंकावर दोन शतकांचा हिशेब अडला होता. अक्षर कोरणाऱ्याच्या कामाचे मोल यावरून कळते.

४/ हे काम पाथरवटाचे. हातोडा, टाकी आणि अमाप धीर एवढेच त्याचे भांडवल. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट कठीण खरा, पण त्यात मुक्त सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश, नगण्य असतो. मोठा धोका पुढे वाळू आणि ग्रॅनाइट यांच्याबरोबर आला.

५/ टाकीला पर्याय शोधला तो अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी. १८ ऑक्टोबर १८७० रोजी त्यांना वाळूच्या झोताने कठीण पदार्थ कापण्याचे, घासण्याचे व कोरण्याचे पेटंट मिळाले. वारा आणि वाळू मिळून खडक झिजवतात. निसर्गाला त्यासाठी युगे लागतात, यंत्राला काही मिनिटे.

६/ यातील मर्म विलक्षण आहे. वेगवान कण काचेसारख्या कठीण, ठिसूळ पृष्ठावर आदळला की तिचा सूक्ष्म टवका उडतो. तोच कण रबरासारख्या लवचिक पदार्थावरून उसळून परत येतो. म्हणून दगडावर रबराचे किंवा व्हिनाइलचे स्टेन्सिल चिकटवायचे, अक्षरांपुरता भाग सोलून काढायचा आणि नोझल फिरवायचे. मऊ झाकण टिकते, कठीण दगड कोरला जातो!

७/ या तंत्राचा पहिला मोठा उपयोग मृतांच्या नावांसाठी झाला. १८७० च्या दशकात अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांच्या थडग्यांसाठी लाखो शिला हव्या होत्या. व्हर्मॉन्टमध्ये संगमरवरावर लोखंडी अक्षरे ठेवून वाळूचा झोत सोडला जाई. झाकलेली अक्षरे उठून दिसत, भोवतालचा दगड खाली जाई.

८/ याच १८७० साली मिलानमधील वैद्यक अकिले विस्कोन्ती यांनी फुप्फुसाच्या एका रोगाला ‘सिलिकोसिस’ हे नाव दिले. लॅटिन ‘सिलेक्स’ म्हणजे गारगोटी. दगडफोड्यांचा हा रोग पुरातन होता, नाव मात्र नवे. यंत्राचे पेटंट आणि रोगाचे नाव एकाच वर्षातले.

९/ वाळूचा कण आदळून फुटला की डोळ्यांना न दिसणारी धूळ तयार होते. ती श्वासावाटे फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. शरीर तिला पचवू शकत नाही. तेथे व्रणाच्या गाठी बनतात आणि श्वास आखडत जातो. हा रोग बरा होत नाही. त्यात क्षयाचा धोका वाढतो आणि अनेकदा या रोगालाच क्षय समजून उपचार होतात. तोंडावरील रुमाल ही धूळ अडवू शकत नाही.

१०/ कायदा उशिरा जागा झाला. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतील ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरण्यास मनाई केली. भारतात हा रोग १९३४ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींतून नोंदला गेला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत घातला.

११/ पुढचा धडा तुर्कस्तानातून आला, तोही कपड्यांतून. जीन्सला विटका रंग यावा म्हणून तिच्यावर वाळूचा मारा करणारे तरुण कामगार सिलिकोसिसने दगावू लागले. २००९ साली तेथे या पद्धतीवर बंदी आली. जीन्सच्या शिलाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या उल्हासनगरला ही कथा परकी वाटू नये.

१२/ युद्धकाळातील कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. छोट्या गाळ्यांतील धंद्यांवर हे शहर उभे राहिले. शेजारी अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. मूळ कारखाने अधिनियम मात्र, सर्वसाधारणपणे, वीज वापरणाऱ्या जागेत किमान दहा कामगार असले तरच लागू होई. दोन-तीन माणसांच्या गाळ्यातला श्वास त्या चौकटीबाहेर राहिला.

१३/ उपाय माहीत आहेत. वाळूऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेट, बंद कॅबिनेट, धूळ ओढणारा पंखा, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे शिरस्त्राण. मात्र ग्रॅनाइटमध्येच गारगोटी असते. म्हणून नुसती वाळू बदलून भागत नाही, धूळही अडवावी लागते.

१४/ टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. त्या म्हणीत घाव दगडाने सोसायचे असतात, कोरणाऱ्याने नव्हे. अंबरनाथच्या लेखाला साडेनऊशे वर्षे उलटून गेली. आजची कोनशिलाही तेवढी टिकेल. ती कोरणारा हात निदान त्याचे पूर्ण आयुष्य जगावा.

(समाप्त)